सगळ्या फाइल्स एकाच रांगेत: एका नृत्यसंस्थेच्या व्हिडिओ संग्रहाचं रूपांतर

पार्श्वभूमी

नृत्य शिकवणाऱ्या एका संस्थेकडे वीसेक वर्षांची चित्रीकरणं साठत आली होती. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे तपशील बदलले आहेत. साठा चार प्रकारचा होता. सर्वांत जुन्या फाइल्स मिनीडीव्ही टेपवरून संगणकात उतरवलेल्या, एव्हीआय स्वरूपातल्या. त्यानंतर एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइल्स. मग फोनवरून आलेल्या एमओव्ही. आणि २०२० पासून ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हापासून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेल्या एमकेव्ही, ज्या संख्येने सगळ्यांत जास्त.

मागणी साधी होती. विद्यार्थ्यांना कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर, ब्राउझरमध्येच, वेगळं काही न टाकता हे व्हिडिओ बघता यावेत. दुसरी निकड जागेची. डीव्हीचा, म्हणजे मिनीडीव्ही टेपवरच्या चित्रीकरणाचा, एक तास सुमारे १३ जीबी घेतो, आणि डिस्क भरत आली होती.

संग्रहाचं काम पाहणाऱ्या बाईंनी ही जबाबदारी एका तरुण तंत्रसाहाय्यकाकडे दिली. त्याने हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर घेतलं, सगळं फोल्डर रांगेत लावलं, आधीपासून निवडलेला 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट (सेटिंगचा तयार संच) तसाच ठेवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. काम संपलं तेव्हा सगळ्या फाइल्स एमपी४ झाल्या होत्या, सगळीकडे चालत होत्या आणि आकाराने बऱ्याच लहान होत्या. मूळ फाइल्स पुसून जागा मोकळी करायची, एवढंच बाकी होतं.

अडचण कुठे दिसली

पुसण्याआधी एका ज्येष्ठ शिक्षिकेने जुन्या प्रयोगाची नवी फाइल वर्गात लावली आणि थांबवली. त्यांचं म्हणणं असं: "पाय नक्की कधी पडतो तेच दिसत नाही. गिरकीत हात पुसल्यासारखा होतो. टीव्हीला कॅमेरा जोडून आपण हेच दाखवायचो तेव्हा असं नव्हतं."

साहाय्यकाने साहजिकच दर्जा वाढवला. हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा २२ वरून १६ वर आणला (इथे आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा). फाइल जवळपास दुप्पट झाली आणि पाय होता तसाच राहिला.

दर्जा वाढवून दोष तसूभरही हलत नसेल, तर बिट कमी पडत नाहीयेत, माहिती आधीच कुठेतरी गळाली आहे. मला याच टप्प्यावर बोलावलं गेलं. पहिली विनंती एवढीच केली की मूळ फाइल्सना कुणीही हात लावू नये.

फाइलच्या आत काय होतं

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे सगळे डबे आहेत. आतली भाजी म्हणजे कोडेक, चित्र किंवा आवाज दाबून साठवायची पद्धत: डीव्ही, एच२६४, एचईव्हीसी. 'फॉरमॅट बदलायचा' म्हटलं की दोन अगदी वेगळी कामं एकाच वाक्यात येतात. एक, डबा बदलणं, ज्यात चित्राचा एकही बिट हलत नाही. दुसरं, चित्र उलगडून नव्याने दाबणं, ज्यात प्रत्येक वेळी थोडं काहीतरी जातंच. हँडब्रेक चित्राच्या बाबतीत फक्त दुसरं काम करतं. आवाज तसाच पुढे पाठवता येतो, चित्र नाही. हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचसाठी बनलेलं आहे.

म्हणून आधी काहीही न बदलता मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळ्या फाइल्सची यादी काढली: डबा, कोडेक, आकारमान, फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं), स्कॅनचा प्रकार, आवाजाचा कोडेक. या यादीने निम्मा प्रश्न सोडवला. ऑनलाइन वर्गांच्या एमकेव्हींमध्ये आधीपासूनच एच२६४ चित्र आणि एएसी आवाज होता, म्हणजे ब्राउझरला हवं तेच. ओबीएसवाले एमकेव्ही वापरत आले त्याला कारण आहे: एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते, मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल हातची जाते, एमकेव्हीत निदान तोवरचा भाग वाचतो. या फाइल्सना फक्त नवा डबा हवा होता, आणि पहिल्या फेरीत त्या सगळ्या विनाकारण पुन्हा एन्कोड झाल्या, म्हणजे नव्याने दाबल्या गेल्या होत्या.

शिक्षिकेची तक्रार मात्र डीव्ही आणि एमटीएसबद्दलची होती. तिथे यादीत 'इंटरलेस्ड' असं होतं.

इंटरलेस्ड चित्रीकरणात कॅमेरा सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नाही, ५० अर्धी घेतो. अशा एका अर्ध्यात, म्हणजे फील्डमध्ये, सम ओळी, पुढच्यात विषम. दोन फील्ड मिळून एक फ्रेम साठवली जाते, पण ती दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात; त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, त्यामुळे हालचालीचे सेकंदाला ५० टप्पे डोळ्यांपर्यंत पोचायचे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही एकदम दाखवली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा येतात. त्या घालवायला डीइंटरलेस करतात, आणि इथे दोन वाटा फुटतात: दर फ्रेममागे एक चित्र काढा, म्हणजे २५, किंवा दर फील्डमागे एक, म्हणजे ५०.

प्रीसेटने पहिली वाट घेतली होती. रेषा गेल्या, पण हालचालीचे अर्धे टप्पेही गेले. व्याख्यानाच्या व्हिडिओत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. जिथे टाच जमिनीला लागण्याचा क्षण हाच अभ्यासाचा विषय आहे, तिथे नेमका तोच क्षण टाकून दिलेल्या अर्ध्यात गेला होता.

पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणं: मूळ फाइल्स ठेवायच्या आणि सगळ्यांनी व्हीएलसी हा प्लेअर वापरायचा. तांत्रिकदृष्ट्या यात काही गैर नाही. पण ब्राउझरची अट त्यात बसत नव्हती, आणि १३ जीबीचा तास फोनवर कोण उतरवून घेणार?

दुसरा, हँडब्रेकमध्येच सेटिंग सुधारून पुन्हा रांग लावणं. साहाय्यकाचा ओढा इकडे होता आणि त्याने करूनही पाहिलं. डीइंटरलेसमध्ये 'बॉब' निवडलं, जे दर फील्डमागे एक फ्रेम काढतं. तरी हालचाल अडखळतच राहिली. कारण त्याच प्रीसेटमध्ये फ्रेमच्या वेगाला ३० ची कमाल मर्यादा होती. ५० तयार व्हायच्या आणि त्यातल्या २० पुढच्या पायरीवर गाळल्या जायच्या, त्याही असमान अंतराने. मर्यादा काढल्यावर फाइल सुधारली. म्हणजे हँडब्रेकनेही हे जमलं असतं. फक्त प्रीसेटमध्ये आधीच काय काय ठरवून ठेवलंय ते उघडून बघायला हवं होतं.

तिसरा, एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने गटागटाने काम करणं. आज्ञा लिहाव्या लागतात, चूकही सहज होते, पण प्रत्येक पायरी आपल्या हातात राहते आणि चित्र न उलगडता डबा बदलता येतो.

चौथा विचार जागेचा: सगळं एचईव्हीसी किंवा एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये न्यावं का? एचईव्हीसीचं मानक २०१३ चं, एव्ही१ चं २०१८ चं. दोन्ही तितक्याच दर्जाला एच२६४ पेक्षा कमी जागा घेतात. पण एचईव्हीसी ब्राउझरमध्ये चालेल की नाही हे ब्राउझर, यंत्र आणि त्यातलं हार्डवेअर या तिघांवर ठरतं. विद्यार्थ्यांच्या हातात काय यंत्र असेल याची खात्री नसताना २००३ चं एच२६४ हीच शहाणी निवड होती. जुनं आहे म्हणून नाकारण्यासारखं त्यात काही नाही.

पाचवा पर्याय बाईंनी पुढे केला. मोठी अभिलेखागारं एफएफव्ही१ वापरतात असं त्यांच्या वाचनात आलं होतं आणि ते खरं आहे. चित्रातलं काहीही न गमावणारा हा कोडेक आहे आणि २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या तांत्रिक दस्तऐवजात त्याची व्याख्याही प्रसिद्ध झाली. सगळं त्यात ठेवावं का? इथे मी नको म्हटलं. टेपवरचं डीव्ही मुळातच दाबलेलं आहे. ते उलगडून एफएफव्ही१ मध्ये ठेवलं तर आकार वाढतो आणि दर्जात कणभरही भर पडत नाही. व्हीएचएससारख्या ॲनालॉग टेपवरून कच्चं चित्र उतरवायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे कॅमेऱ्याने जे लिहिलं तेच अस्सल, ते तसंच ठेवायचं.

निर्णय आणि काम

सर्वांत मोठा निर्णय एन्कोडिंगचा नव्हताच. मूळ फाइल्स पुसायच्या नाहीत, त्यासाठी नव्या डिस्क घ्यायच्या, दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (आतल्या माहितीवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) नोंदवायचा. बाईंना हे पटवायला वेळ लागला, कारण जागा वाचवणं हाच तर अर्धा हेतू होता. पटलं ते दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावल्यावर.

एमकेव्हींचं काम झटक्यात झालं. एफएफएमपेगला कोडेकच्या जागी 'कॉपी' असं सांगितलं की तो आतलं सगळं उचलून एमपी४ मध्ये ठेवतो. डिस्क वाचायला-लिहायला लागतो तेवढाच वेळ. सोबत 'फास्टस्टार्ट' हा पर्याय दिला, म्हणजे अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते. ती शेवटी राहिली की वेबवर व्हिडिओ लगेच सुरू होत नाही, आणि दोष मग नेटच्या माथी मारला जातो.

इंटरलेस्ड गटासाठी आधी एकेका मिनिटाचे नमुने काढले, आणि मुद्दाम अवघड: अंधारा रंगमंच, वेगातली गिरकी, टेपवरची खरखर. डीइंटरलेससाठी बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर घेतला. तो काही वेगळं न सांगता दर फील्डमागे एक फ्रेम देतो. याडिफ हा दुसरा फिल्टर वापरला असता तर ते वेगळं सांगावं लागलं असतं, कारण त्याची मूळ सवय दर फ्रेममागे एक अशी आहे. एन्कोडर एक्स२६४ (एच२६४ बनवणारा), प्रीसेट 'स्लो', सीआरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, २०. ठरावीक बिटरेट (सेकंदाला किती बिट) दिला नाही, कारण मग स्थिर फळ्यासमोरच्या व्याख्यानाला आणि समूहनृत्याला सारखेच बिट मिळाले असते. सीआरएफमध्ये दर्जा एका पातळीला धरला जातो आणि बिट गरजेप्रमाणे खर्च होतात. सीआरएफ ६ ने कमी केला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते, हा आडाखा नमुने पाहताना फार उपयोगी पडला.

एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डवर टाकावं का, हा प्रश्न निघाला. वेग कितीतरी वाढतो, पण तेवढ्याच आकारात दर्जा सहसा एक्स२६४ च्या सावकाश प्रीसेटइतका येत नाही. घाई नव्हती, म्हणून नाही.

यानंतर एक फाइल अशी निघाली की ५० वर नेल्यावर ती सुधारण्याऐवजी बिघडली. नर्तकीचा पाय थरथरत होता. एमपीव्ही या प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. टाच जमिनीपासून वर उचलली जाते, पुढच्या फ्रेममध्ये ती आणखी वर असायला हवी, पण खाली आलेली, त्यापुढे एकदम बरीच वर, पुन्हा खाली. दोन पावलं पुढे, एक मागे, असं प्रत्येक फ्रेमला. हे फील्डचा क्रम उलटा लागल्याचं लक्षण. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, तर १०८०आय (इंटरलेस्ड एचडी) कॅमेऱ्यांमध्ये सहसा वरचं. ही फाइल कधीतरी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून गेली होती आणि बाहेर पडताना तिच्यावर चुकीची खूण लागली होती. मीडियाइन्फो फाइलवरची खूण वाचून दाखवतं, आतलं चित्र तपासत नाही. ते काम एफएफएमपेगमधला आयडेट फिल्टर करतो: तो फ्रेम पाहून वरचं फील्ड आधी, खालचं आधी, की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्र एकाच क्षणाचं), अशी मोजदाद देतो. त्या गटातल्या सगळ्या फाइल्स आयडेटमधून काढल्या आणि जिथे खूण खोटी होती तिथे डीइंटरलेसच्या आधी क्रम दुरुस्त केला.

याच तपासणीत उलटा प्रकारही सापडला. काही एमटीएस फाइल्सवर इंटरलेस्डची खूण होती, पण आयडेट त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणत होता. काही कॅमेरे २५पी चं (सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचं) चित्रीकरण इंटरलेस्ड प्रवाहात घालून साठवतात. तिथे दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. अशा फाइल्सना डीइंटरलेसची गरजच नसते. केलं तर तपशील मात्र जाऊ शकतो. त्यांचं चित्र तसंच ठेवून एमपी४ च्या डब्यात टाकलं आणि फक्त एसी-३ आवाज एएसीत नेला, कारण बरेच ब्राउझर एसी-३ वाजवत नाहीत.

तिसरा प्रकार हताश करणारा. दोन-तीन डीव्ही प्रयोग आधी कुणीतरी डीइंटरलेस न करता लहान आकारात बदलून ठेवले होते. इंटरलेस्ड चित्राची उंची बदलली की सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. आधी डीइंटरलेस, मग कातरणं, मग आकार बदलणं, हा क्रम म्हणूनच पाळायचा असतो.

फोनच्या फाइल्सचा प्रश्न निराळा होता. फोन प्रकाशाप्रमाणे आणि ताणाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. ती फाइल थेट एडिटिंगमध्ये घेतली की काही सॉफ्टवेअर वेग स्थिर धरून चालतात आणि शेवटाकडे पायाचा ठेका आणि आवाज यांची फारकत होते. कापाकापी करण्याआधी वेग स्थिर करून घेतला, एचईव्हीसीचं एच२६४ केलं, रंगाची खोली ८ बिट ठेवली. काही फाइल्स एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेल्या) होत्या; त्या नुसत्या ८ बिटमध्ये नेल्या की फिकट दिसतात, टोनमॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याला बसवणं, वेगळं करावं लागतं. त्या बाजूला काढल्या.

तपासणी

डबा बदललेल्या फाइल्ससाठी पुरावा सोपा होता. एफएफएमपेगकडून मूळ आणि नव्या फाइलच्या प्रत्येक फ्रेमचा एमडी५ (एका प्रकारचा चेकसम) काढला आणि दोन याद्या ताडून पाहिल्या. जुळल्या म्हणजे चित्र तेच; डोळ्यांनी बघायची गरज नाही.

एन्कोड केलेल्यांना ही कसोटी लागू पडत नाही. तिथे आधी कालावधी ताडला, मग फाइल पूर्ण उलगडून काही त्रुटी येते का पाहिलं, आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी ठेका आणि आवाज जुळतो का ऐकलं. व्हीमॅफसारखे गुण देणारे मापक वापरायचा विचार होता. पण मूळ चित्र इंटरलेस्ड आणि नवं ५०पी असताना तुलनेसाठी मूळही आधी डीइंटरलेस करावं लागतं, मग गुण नेमके कशाचे, हा घोळ उरतोच. त्यापेक्षा तो नमुना शिक्षिकेसमोर ठेवला. त्यांनी गिरकी चार वेळा मागे घेऊन पाहिली आणि पाऊल मोजून दाखवलं. यापेक्षा कडक परीक्षक मिळाला नसता.

निकाल

डीव्हीच्या बघण्याच्या प्रती मूळ आकाराच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या आसपास बसल्या. २५ च्या ऐवजी ५० फ्रेम असूनही फाइल दुप्पट झाली नाही, कारण शेजारच्या फ्रेम एकमेकींसारख्याच असतात आणि एन्कोडर फरकच तेवढा लिहितो. एमकेव्हींचा आकार बदलला नाही, बदलायचा प्रश्नही नव्हता. पहिल्या फेरीतले एमपी४ काढून टाकले, एक अपवाद वगळता: एका कार्यक्रमाची मूळ फाइल फक्त कॅमेऱ्याच्या कार्डवर होती आणि ते कार्ड आधीच पुन्हा वापरलं गेलं होतं, त्यामुळे त्याची २५ फ्रेमची प्रत हीच आता मूळ. तिच्या नावात तसं लिहून ठेवलं आहे.

जागेची अडचण सुटली नाही, उलट खर्च वाढला. डिस्क घ्याव्या लागल्या. हे निकालात लिहायला हवं, कारण अशा कामाला हात घालणारा बहुतेकदा जागा वाचेल या आशेने घालतो.

वेगळं काय करता आलं असतं

यादी आधी आणि रांग नंतर, हा क्रम पाळला असता तर पहिली फेरी लागलीच नसती. साहाय्यकाला दोष देण्यात अर्थ नाही; हँडब्रेकने निवडून दिलेला प्रीसेट बहुतेक लोकांना बहुतेक वेळा योग्यच असतो. पण त्याला दिलेलं काम 'सगळं एमपी४ कर' असं होतं. 'विद्यार्थ्यांना यात काय बघायचं आहे' हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगू शकणारी व्यक्ती फाइल्स तयार झाल्यावरच पहिल्यांदा त्यांच्यासमोर आली. एका मिनिटाचा अवघड नमुना तिला आधी दाखवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय होता.

सगळ्या इंटरलेस्ड फाइल्सना सरसकट ५० द्यायला हवं होतं का, याबद्दल मला अजून शंका आहे. भाषणं, सत्कार, चर्चा २५ वर चालल्या असत्या आणि यंत्राचा वेळ वाचला असता. पण त्यासाठी प्रत्येक फाइल आधी बघून वर्गवारी करावी लागली असती, आणि एका कार्यक्रमात भाषणही असतं, नृत्यही. एकच कृती ठेवणं सोपं पडलं. दुसऱ्या संग्रहात मी कदाचित उलट ठरवेन.

वापरलेल्या आज्ञा, फिल्टर आणि एफएफएमपेगची आवृत्ती एका साध्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक फोल्डरसोबत ठेवल्या. हे अर्धं काम झाल्यावर सुचलं. त्याआधीच्या गटांची नोंद आठवून लिहावी लागली.

ओळी मिसळून बिघडलेल्या त्या दोन-तीन प्रयोगांना अजून एक वाट आहे. त्यांच्या टेप संस्थेकडे आहेत, आणि डीव्ही टेपवरचं चित्र फायरवायर या केबल-जोडणीने आहे तसं उतरतं. टेपची यादी बाईंनी करून ठेवली आहे. फायरवायर असलेला चालू कॅमेरा मिळाला की ते प्रयोग पुन्हा उतरवायचे आहेत.